अप्पांच्या पोटात काय आहे

मास्तरांचं पोट त्या सगळ्या भागात प्रसिद्ध होतं. व्यायामशाळेच्या दारावर जो मोठा फोटो लावला होता, त्यात मास्तरांचा चेहराच नव्हता. मानेपासून कमरेपर्यंतचा भाग तेवढा होता, आणि पोटावरचे सहा चौकोन असे रेखीव दिसत होते की कोणी पट्टी धरून आखलेत असं वाटावं. रोज सकाळी सहाला मास्तर 'पोटाचा वर्ग' घेत. पंचवीस-तीस माणसं चटयांवर उताणी पडत, गुडघे दुमडत, हात डोक्यामागे घेत आणि मास्तरांच्या मोजणीवर क्रंचेस मारत. शंभर, दीडशे, दोनशे. शेवटच्या पन्नासात कण्हण्याचे आवाज यायला लागले की मास्तर खूश. "जळतंय ना? जळलंच पाहिजे!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

वर्गात एक ग्रंथपाल बाई येत. पन्नाशीच्या, नेमस्त, कधी दांडी न मारणाऱ्या. एकदा चटई गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, "मास्तर, वर्ष झालं, रोज दोनशे मारते. तरी खालच्या फळीवरचा पुस्तकांचा गठ्ठा उचलायला गेलं की कंबर धरते. असं का होत असेल?"

"आणखी पन्नास वाढवा," मास्तर म्हणाले. उत्तर देताना ते आरशात बघत होते.

बाई "बरं" म्हणाल्या, पण काही क्षण तिथंच उभ्या राहिल्या. मग गेल्या.

मास्तरांचे सासरे म्हणजे अप्पा. घर बदलणाऱ्यांचं सामान हलवायचा त्यांचा धंदा होता. एक बंद टेम्पो, ढीगभर दोर, कापडी पट्टे, जुन्या चादरी आणि लंबू नावाचा एक उंचापुरा भागीदार, एवढाच पसारा. पण चाळीस वर्षांत त्यांनी कपाटं, फ्रिज, शिवणयंत्रं, एकदा तर अख्खं दवाखान्याचं टेबल जिन्यानं वर चढवलेलं. वय एकसष्ट, बुटके, रुंद, आणि पोट म्हणाल तर सदऱ्याची खालची दोन बटणं कायम जिवावर उदार झालेली. त्या पोटाभोवती काम करताना ते एक रुंद चामडी पट्टा आवळत. जावयाचा दारावरचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांनी मान तिरकी करून तो बराच वेळ न्याहाळला होता आणि म्हणाले होते, "छान आहे. पण ह्यात जेवण कुठं मावतं?"

एका रविवारी लंबूचं मनगट दुखावलं आणि नेमकं त्याच दिवशी एका निवृत्त शिक्षिकेचं सागवानी कपाट चौथ्या मजल्यावर पोचवायचं होतं. लिफ्टमध्ये ते मावणार नव्हतं. मास्तर आपणहून पुढे झाले. "मी येतो की, अप्पा. रोज वजनंच तर उचलतो."

अप्पांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "या. पण जिन्यात आरसे नसतात हो, जावईबापू."

जिना अरुंद होता आणि दर मजल्यावर काटकोनात वळत होता. मास्तरांनी वरची बाजू धरली, अप्पांनी खालची. चढताना सगळा भार खालच्या माणसाकडे जातो, हे मास्तरांना पहिल्याच मजल्यावर कळलं आणि थोडं बरंही वाटलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाटाचा पाय कठड्याला अडकला. ते उचलून, तिरकं करून, वळवून काढायचं होतं. मास्तर कमरेत वळले, हात वर घेतले आणि म्हणायला लागले, "अप्पा, तुम्ही जरा डावी—"

वाक्य तिथंच राहिलं. कमरेत काहीतरी असं चमकलं की डोळ्यांपुढे पांढरं झालं. हातातली ताकद कुठे गेली तेच कळेना. कपाट खाली सरकणार तोच अप्पांनी खांदा आणि मांडी त्याखाली घातली आणि ते भिंतीशी दाबून धरलं. अख्खं कपाट, एकटे. तोंडातून शब्द नाही. फक्त डोळ्यांनी मास्तरांना बाजूला व्हायला खुणावलं, एक पाय मागच्या पायरीवर घेतला आणि कपाट इंचाइंचानं जिन्याच्या वळणावर टेकवलं. मग त्यांनी दम सोडला.

"लागलं का हो?" त्यांनी विचारलं.

मास्तर कठड्याला धरून अर्धे वाकलेले. वर होता येईना, खाली बसता येईना. आवाज ऐकून तिसऱ्या मजल्यावरचे एक दाताचे डॉक्टर बाहेर आले. काडीसारखे हात, नाकावर घसरलेला चष्मा. अप्पांनी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं, कुठं धरायचं आणि केव्हा थांबायचं. त्या डॉक्टरांनी वरची बाजू धरली आणि कपाट चौथ्या मजल्यावर गेलंसुद्धा. मास्तर पायरीवर बसून ते पाहत राहिले. कमरेपेक्षा ते बघणं जास्त दुखलं.

स्नायू ताणला गेलाय, घाबरण्यासारखं काही नाही, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. तरी पहिले तीन दिवस पलंगावरच गेले. मास्तरांची बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. कामावर निघताना ती पाण्याची बाटली हाताशी ठेवून म्हणाली, "दारावरचा फोटो आणून इथं समोर लावू का? तेवढीच सोबत."

"हस तू."

"हसत नाहीये. पण मला एक सांग, तुझं पोट लोखंडासारखं आहे म्हणतोस. मग ते त्या वेळी काय करत होतं?"

ती निघून गेली आणि प्रश्न खोलीत राहिला. मास्तर छताकडे बघत पडले होते. खरंच, काय करत होतं? उलट अप्पांचं ते ढेरपोट. त्यावर एक चौकोन शोधूनही सापडला नसता. त्यानं दोन माणसांचं वजन पेललं. मास्तरांना पहिल्या दिवशी लाज वाटली, दुसऱ्या दिवशी चीड आली, आणि तिसऱ्या दिवशी मात्र नुसतं कुतूहल उरलं. त्यांनी अप्पांना फोन लावला.

"अप्पा, उचलताना तुम्ही पोटाचं नेमकं काय करता?"

"पोटाचं? घरी ठेवून येता आलं असतं तर बरं झालं असतं."

"थट्टा नको. खरंच विचारतोय."

"काही करत नाही हो मी. उचलतो आणि नेतो. चालताना गुडघ्याचं काय करता असं मी तुम्हाला विचारलं तर सांगाल?"

मास्तरांनी फोन ठेवला. अप्पांना जे येत होतं ते त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. मग ते शोधायचं असेल तर बघूनच.

पुढच्या आठवड्यात कंबर जरा मोकळी झाली तसे मास्तर एक वही घेऊन टेम्पोत बसायला लागले. वर्ग सकाळी संपायचा, दुपार मोकळी असायची. "मी काही उचलणार नाही, नुसतं बघणार," असं त्यांनी आधीच कबूल केलं. लंबूला ह्याची भारी मजा वाटली. मनगटाला पट्टी असल्यामुळे तो हलकं सामानच नेत होता, आणि येता-जाता मास्तरांच्या वहीत डोकावायचा. "काय लिहिलंत? अप्पांनी दोनदा नाक पुसलं, ते लिहिलंत का?"

पण वही भरत गेली. उचलण्याआधी अप्पा क्षणभर थांबतात. श्वास घेतात, पण छाती वर येत नाही. पट्टाच चहूबाजूंनी फुगल्यासारखा होतो. पुढून, बाजूंनी, पाठीकडूनही. ओझं हातात असताना ते बोलत नाहीत. बोलायचं असेल तर आधी ओझं टेकवतात. पाठ वळत नाही. वळायचं तर पायांनी वळतात. एका हातात जड पेटी असली तरी खांदे सरळ, जणू दुसऱ्या हातातही तेवढंच काहीतरी आहे. मास्तरांनी 'बोलत नाहीत' ह्या शब्दांखाली दोन रेघा मारल्या. आपण जिन्यात बोलायला तोंड उघडलं होतं, हे त्यांना लख्ख आठवलं.

तिसऱ्या दिवशी एक दुहेरी गादी न्यायची होती. अप्पांनी ती उभी धरून बघितली. गादी मधेच मान टाकल्यासारखी वाकली. मग त्यांनी ती घट्ट गुंडाळली, तीन ठिकाणी दोर आवळला आणि उभी केली. खांबासारखी उभी राहिली. तिच्यावर थाप मारून ते मास्तरांकडे वळले.

"तुम्ही परवा विचारत होता ना? बहुतेक हे करतो मी. आतून भरायचं आणि बाहेरून आवळायचं. नुसतं पुढून आवळून काय होणार? गादीला एकाच बाजूनं दोर बांधला तर ती दुसऱ्या बाजूला वाकणारच."

मास्तरांनी वही मिटली. आयुष्यभर त्यांनी पुढचीच बाजू बांधली होती.

त्या संध्याकाळी त्यांनी घरातली खुर्ची बाजूला सारून जमिनीवर उताणं पडून बघितलं. दोन्ही पाय वर, गुडघे काटकोनात, हात छताकडे. कमरेखाली तळहाताएवढीसुद्धा फट राहू द्यायची नाही, आणि श्वास सोडत एक पाय आणि त्याच्या विरुद्ध बाजूचा हात हळूहळू खाली न्यायचा. दिसायला अगदी बाळबोध. चौथ्या वेळेला कंबर जमिनीवरून कमान करून उठली. मास्तरांनी परत सुरू केलं. पाचव्या वेळेला परत उठली. बायको दारात उभी राहून बघत होती.

"झुरळ उलटं पडलं की असंच करतं," ती म्हणाली.

"ये, कर बघू."

ती पर्स ठेवून आडवी झाली. सहा वेळा केलं, कंबर हलली नाही. सातव्या वेळी तिला हसू फुटलं आणि सगळं विस्कटलं. मास्तर तिच्याकडे अविश्वासानं बघत राहिले. एका बैठकीत तीनशे क्रंचेस मारणारा माणूस तो, आणि ही दिवसभर काउंटरमागे उभी राहणारी बाई.

सोमवारी वर्गात त्यांनी दोनशेची मोजणी केलीच नाही. प्रत्येकाला आठच वेळा, पण कमरेखाली टॉवेलाची घडी ठेवून. घडी सैल झाली की थांबायचं. मग हात-पायांवर शरीर आडवं तोलून धरायचं, ते प्लँक, पण तीन-तीन मिनिटं लोंबकळत नाही. वीसच सेकंद, नितंब आणि पोट आवळून, श्वास चालू ठेवून. शेवटी पाण्यानं भरलेली बादली एका हातात घेऊन खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, खांदा न झुकवता. मध्ये पुरेशी विश्रांती. निम्मी माणसं चिडली. "जळत नाहीये, मास्तर," एक जण तक्रारीच्या सुरात म्हणाला. व्यायामशाळेच्या मालकांनी काचेतून बादल्या पाहिल्या आणि आत येऊन विचारलं, "नळ बंद पडलाय का?"

वर्ग संपल्यावर मास्तर स्वतः ग्रंथपाल बाईंकडे गेले. "तुम्ही मागे एक प्रश्न विचारला होता. मी उत्तर चुकीचं दिलं. खरं म्हणजे दिलंच नव्हतं."

"मला वाटलंच होतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "गठ्ठा उचलताना दाखवू का?" त्यांनी कोपऱ्यातली वजनाची तबकडी उचलून दाखवली. मास्तरांनी पाहिलं: पाठ वाकलेली, श्वास अर्धवट, पोट आत ओढलेलं. कोणी सांगितलं पोट आत ओढायला, असं ते विचारणार होते. मग त्यांना आठवलं की वर्षभर आपणच ओरडत होतो, पोट आत, पोट आत.

एक गोष्ट मात्र कोड्यासारखी राहिली होती. पट्ट्याखाली काय चालतं, ते बघून कळत नव्हतं. मास्तरांना अप्पांच्या पोटावर हात ठेवून बघायचं होतं. दोनदा विचारलं. पहिल्यांदा अप्पा म्हणाले, "मला गुदगुल्या होतात." दुसऱ्यांदा म्हणाले, "पट्टा काढला की माझी लय जाते." मास्तरांना वाटलं, वयस्कर माणूस, लाजत असेल. पण अप्पा लाजणाऱ्यांतले नव्हते, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी वहीत नुसतं प्रश्नचिन्ह काढलं.

योग आला तो अप्पांच्याच घरी. सासूबाई शेजारी गेल्या होत्या, आणि अप्पांना स्वयंपाकघरातला गॅसचा सिलिंडर बदलायचा होता. घरचं काम म्हणून पट्टा नव्हता. मास्तर म्हणाले, "अप्पा, आता तरी."

अप्पांनी सिलिंडरकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, हात बाजूला केले. "ठेवा. एकदाच."

मास्तरांनी एक पंजा त्यांच्या कुशीवर ठेवला, दुसरा पोटावर. अप्पांनी श्वास घेतला. मऊ पोट आतून भरत आलं, पंजे बाहेर ढकलले गेले, आणि सिलिंडर जमिनीवरून सुटला त्या क्षणी त्या मऊपणाखालची भिंत टेबलाच्या फळीसारखी कडक झाली. चहूबाजूंनी, एकाच वेळी. मास्तरांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. हे होतं तर! चरबीच्या थराखाली, कुठल्याही आरशात न दिसणारं.

आणि त्याच क्षणी उजव्या तळहाताखाली, बेंबीच्या जरा वर, काहीतरी टपकन बाहेर आलं. द्राक्षाएवढं. मऊ. कडक फळीत तेवढीच एक मऊ जागा.

अप्पांनी सिलिंडर खाली ठेवला. द्राक्ष आत गेलं.

"हे काय आहे, अप्पा?"

"ते तसंच आहे." अप्पा सदरा नीट करू लागले. "आत जातं परत. दाबलं की जातं. पट्टा लावला की येतच नाही."

"किती दिवस झाले?"

"झाली असतील तीनेक वर्षं."

मास्तरांना एकदम सगळं उलगडलं: गुदगुल्या, लय, आणि तो पट्टा. सगळ्यांना वाटायचं पट्टा ताकदीसाठी आहे. तो झाकण म्हणून होता. "दुखतं?"

"कधी कधी. हल्ली जरा जास्त." मग जरा थांबून, "कोणाला सांगू नका. लंबूला कळलं तर तो मला एक खुर्ची उचलू देणार नाही. आणि तुमच्या सासूबाई तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "उचलणं सोडलं तर मी करू काय, मास्तर? मला दुसरं काही येत नाही."

एवढ्या वर्षांत त्यांनी जावईबापू सोडून पहिल्यांदाच मास्तर म्हटलं. मास्तर स्टुलावर बसले. त्यांना फार वाईट वाटलं, कारण ह्या माणसाला पकडायला ते आले नव्हते. शिकायला आले होते. "अप्पा, हा हर्निया असणार. आतला भाग तिथं अडकून बसला तर तातडीनं कापाकापी करायची वेळ येते. आज नीट गेलात तर साधं काम असतं. उद्यापर्यंत तुम्ही घरात सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन. मग माझ्यावर रागवा हवं तर."

अप्पा रागावले. त्या दिवशी तर चहाही विचारला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सासूबाईंना सांगितलं. बायकोनं मास्तरांना दुकानातून फोन केला. "तुला कधी कळलं?"

"काल."

"आणि तू मला रात्रभर सांगितलं नाहीस?"

"त्यांनी स्वतः सांगावं असं मला वाटत होतं."

ती म्हणाली, "ठीक आहे. पण परत असं करू नकोस." आणि लगेच, "दवाखान्यात तू ये बरोबर. मी गेले तर ते मला फसवतील."

सर्जन बाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी अप्पांना झोपवलं, खोकायला लावलं, उभं केलं, परत खोकायला लावलं. शेवटी अप्पांना राहवेना. "बाई, एक विचारू? सगळं पोट एवढं घट्ट, मग तिथंच का फाटलं?"

"बेंबी म्हणजे जन्मापासूनची शिवण आहे," त्या म्हणाल्या. "तिथं भिंत मुळातच नाजूक असते. तुमच्या स्नायूंत काही खोट नाही, आतून दाब पडत राहिला आणि शिवण उसवली. वाढलेल्या पोटाचाही दाब असतो बरं. ओझं नेताना श्वास किती वेळ धरता?"

अप्पांनी आठवून पाहिलं. "एक जिना."

"पूर्ण जिना?"

"वळणापर्यंत तरी."

बाईंनी भुवया उंचावल्या. "दम धरून ठेवला की तो दाब आतच राहतो, मध्ये मध्ये सोडत जायचा." मास्तरांनी खिशातून वही काढली, आणि दवाखान्यात लिहीत बसायचं नाही असं बायकोनं सांगून ठेवलेलं असूनही तिथंच लिहायला सुरुवात केली. म्हणजे अप्पांचं अर्धं बरोबर होतं. आवळायचं, पण दर पायरीला थोडा थोडा दम सोडत. झाकण लावून भांडं चुलीवर ठेवायचं तर वाफेला फट हवीच. हे त्यांना अप्पांकडून कधीच कळलं नसतं, आणि ह्या बाईंकडे ते अप्पांशिवाय कधी आले नसते.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. आत जाळी बसवली. पुढे काही आठवडे जड काही उचलायचं नाही, आणि मग हळूहळू, असं बाईंनी बजावलं. पहिल्या दिवशी पलंगावरून उठताना अप्पांना कळलं की माणूस साधं उठून बसायलाही पोटच वापरतो. "हात लावू का?" मास्तरांनी विचारलं. "नको," अप्पा म्हणाले, आणि कळवळून परत आडवे झाले. मग मास्तरांनी दाखवलं: आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, हातानं रेटा द्यायचा, रेटा देताना श्वास सोडायचा. अप्पा उठून बसले. "हे बरं आहे," ते म्हणाले. "कपाटाचंही असंच असतं. आधी कडेवर घ्यायचं."

सुरुवातीला नुसतं चालणं. मग सर्जन बाईंनी हिरवा कंदील दाखवल्यावर श्वासाचा सराव, आणि पुढे व्यायामशाळेत, दुपारी, जेव्हा तिथं कोणी नसे. अप्पा उताणे पडत, टॉवेलाची घडी कमरेखाली घेत आणि एकच टाच जमिनीवरून सरकवत लांब नेत. चाळीस वर्षं कपाटं वाहिलेला माणूस एका टाचेनं घामाघूम व्हायचा. "अहो, ह्यात वजन काहीच नाही, मग जड का वाटतं?" त्यांना नवल वाटायचं. त्यांना प्रश्न विचारायची चटकच लागली. बरगड्या वर का येतात, उजवी बाजू डावीपेक्षा घट्ट का, खोकला येणार असेल तर आधी काय आवळायचं. मास्तरांना निम्म्यांची उत्तरं यायची. बाकीची ते शोधून आणायचे, किंवा सर्जन बाईंना तपासणीच्या दिवशी विचारायचे.

पोटाचा वर्ग अठरा जणांवर आला. चौकोन हवे असलेले लोक गेले. चौकोन दिसणं हे बरंचसं खाण्यावर असतं, असं मास्तर आता स्पष्टच सांगत, आणि ते ऐकायला फारसं कोणाला आवडत नसे. मालक पहिल्यांदा कुरकुरले. पण ग्रंथपाल बाईंनी वाचनालयातल्या तिघींना आणलं, दाताच्या डॉक्टरांनी, दिवसभर वाकून त्यांची पाठ धरते म्हणून, स्वतःचं नाव घातलं, आणि बसचे दोन चालक यायला लागले. शनिवारी अप्पा येऊन बसत. बादलीवाल्यांवर त्यांची बारीक नजर असे. "खांदा पडतोय! दम सोडा, दम सोडा, जिना लांब आहे!"

धंदा त्यांनी सोडला नाही. लंबूनं खालची बाजू घेतली, वरच्या बाजूला त्याचा चुलतभाऊ आला, आणि अप्पा पुढे चालून रस्ता बघतात, वळणं मोजतात, कुठं टेकायचं ते ठरवतात. हलकं सामान नेतात. पट्टा आता टेम्पोत खिळ्याला टांगलेला असतो; लंबू त्याला दोर अडकवतो.

परवा दुपारची गोष्ट. व्यायामशाळेत दोघंच होते. अप्पांचा सराव झाला होता, आणि ते खिडकीखालच्या बाकड्यावर पाणी पीत बसले होते. एकदम म्हणाले, "मास्तर, एक सांगा. जिन्यात कोणाला हसू आलं की ओझं खाली ठेवावंच लागतं. चाळीस वर्षं बघतोय. लंबूसारखा रेडासुद्धा हसला की लुळा पडतो. असं का?"

मास्तरांनी विचार केला. हसताना पोट तर आवळतं. मग ताकद जाते कुठं? त्यांनी वही काढली, मागची पानं चाळली, मिटली. "माहीत नाही, अप्पा."

"माहीत नाही ना? मग बघू या की."

त्यांनी बाकडं रिकामं केलं. ते हलकं होतं, अप्पांना आता चालेल इतपत. दोघांनी दोन टोकं धरली, श्वास घेतला, उचललं. बाकडं हवेत सरळ. "आता हसा," मास्तर दम सोडत म्हणाले.

"असं सांगून कसं हसायचं?"

"एखादी गंमत सांगा."

अप्पा विचारात पडले. त्यांना एकही आठवेना. मास्तरांनाही आठवेना. दोन गडी माणसं भर दुपारी एक रिकामं बाकडं हवेत धरून गंभीर चेहऱ्यानं एकमेकांकडे बघत उभी होती. तेवढ्यात दार उघडून मास्तरांची बायको डबा घेऊन आली. तिनं बाकडं पाहिलं, नवऱ्याचा चेहरा पाहिला, वडिलांचा चेहरा पाहिला.

"कुठं न्यायचंय हे?" तिनं विचारलं.

"कुठंच नाही," अप्पा म्हणाले, आणि त्यांचा ओठ थरथरला. मास्तरांनी ते पाहिलं. बाकड्याचं अप्पांकडचं टोक आधी खाली गेलं.